इंकरमन गल्लीच्या अँटेनाची मोहीम

हेदरशॉ कसब्याच्या मजूर क्लबाचे कारभारी, बिलियर्डच्या टेबलाचे राखणदार, राजमान्य सिरिल ब्रॉडबेंट साहेब यांचे हुजुरात, बस आगाराकडील कंडक्टर जोनास टॉर्डॉफ याचा सलाम पोहोचावा. आपला हुकूम जाहला की, गेल्या शनिवारी इंकरमन गल्लीत जे घडले त्याची क्लबात नाना तऱ्हेची वर्तमाने फिरत आहेत. कोणी म्हणतो विल्फ हेबलथ्वेट छपरावरून पडून त्याचा पाय मोडला, कोणी म्हणतो त्याने शेजाऱ्याची कबुतरे मारिली, कोणी म्हणतो सासूने त्यास घराबाहेर काढिले. तरी खरे काय ते शोध करून लिहावे. त्यावरून सेवकाने विल्फराव, त्यांचे कुटुंब आणि खासा शेजारी यांस वेगवेगळे गाठून, तिन्ही ठिकाणी चहा पिऊन, एकाची जबानी दुसऱ्याशी ताडून पाहिली, आणि निघाले ते पदरचे काही न घालता लिहितो. पाय मोडला नाही. कबुतरे खुशाल आहेत. सासूचे मात्र सविस्तर लिहिणे प्राप्त आहे.

सन एकोणीसशे त्र्याहत्तर, फेब्रुवारी मास. त्या समयी आपला हेदरशॉचा रग्बी संघ चषकाच्या तिसऱ्या फेरीस पोहोचोन थॉर्नबीच्या मुलखावर चालून जाणार, आणि त्या सामन्याचा उत्तरार्ध बीबीसीवर थेट दिसणार, ऐसे वर्तमान आले. हेदरशॉ कसबा आजवर टीव्हीवर दिसला तो एकदाच, पूर आला तेव्हा, तोही अर्धा. सबब लोकांस हर्ष मावेना. शनिवारी सकाळीच बसगाड्या भरभरून लोक थॉर्नबीस रवाना जाहले, पाद्रीसाहेब गेले, खाटीक गेला, आणि गावात म्हातारी माणसे व कुत्री राहिली. विल्फरावांस मात्र दुपारपर्यंत बस हाकण्याची पाळी होती. रजेचा अर्ज केला तो साहेबाने नामंजूर केला, कारण साहेबास स्वतःस जाणे होते. तेव्हा विल्फराव म्हणाले, चिंता नाही, घरी भाड्याचा टीव्ही आहे, खुर्ची आहे, चहा आहे. आपण मसनदीवर बसोन युद्ध पाहू. ऐसा मनसुबा केला.

त्या घरी सासू होती. मातुश्री हॅना ओल्डरॉइड, विल्फरावांचे कुटुंब डोरीनबाई यांची आई. ऑक्टोबरात यजमान अर्नेस्ट वारले आणि लेकीने आईस आपल्या घरी आणिली. ही बाई पूर्वी आपल्या घरी बहुत जबरदस्त होती. दर शनिवारी चार वाजता आयटीव्हीवर कुस्ती लागे, आणि नवराबायको दोघे टीव्हीसमोर बसोन पैलवानांस ऐशा शिव्या देत की, शेजारचे लोक आपला टीव्ही न लावता भिंतीस कान देऊन कोण जिंकला ते जाणत. तीच बाई लेकीच्या घरी आली ती मऊ पडली. खुर्चीच्या काठावर बसावे, आपला कप लगेच आपणच विसळावा, आणि विचारिले तर म्हणावे, माझ्यासाठी काही नको, माझा त्रास नको. आवाज ऐसा की घड्याळाची टिकटिक तिजहून मोठी. डोरीनबाई हे पाहून मनात झुरत. रडली असती तरी बरे होते म्हणत. पण ती रडलीही नाही. पाहुणी घरात बसावी तैसी बसली.

तों शुक्रवारी सायंकाळी बटाटे सोलता सोलता मातुश्री खाली पाहूनच बोलिल्या, "डोरीन, ती शनिवारची कुस्ती असते का गं अजून?"

डोरीनबाईंच्या हातातील सुरी थांबली. "असते की. का गं आई?"

"काही नाही. सहज विचारलं."

विल्फराव पाळी संपवून आले, टोपी खुंटीस लाविली, तों डोरीनबाईंनी त्यांस मोरीजवळ नेऊन दार लोटून घेतले.

"आईनं आज काहीतरी मागितलं," ती म्हणाली.

"काय मागितलं? मीठ?"

"कुस्ती."

विल्फरावांस आधी समजले नाही, मग समजले, आणि समजताच चेहरा उतरला. "उद्या? चारला? डोरीन, अगं, चारला तर आपला सामना! उत्तरार्धच दाखवणार आहेत, तोही तेव्हाच. पुढच्या शनिवारी बघू दे की."

"मी काही म्हणत नाही."

"तू काही म्हणत नाहीस ना, तेव्हाच मला धास्ती वाटते."

"म्हणत नाही म्हटलं ना. चार महिन्यांत तिनं काहीसुद्धा मागितलेलं नाही, एवढंच सांगितलं. तुझा सामना तू बघ. ती 'नको' म्हणेल आणि वर जाऊन बसेल. तिला आता येतं ते."

हा शेवटचा वार वर्मी लागला. विल्फरावांस जेवण गोड लागेना. एका बाजूस जन्मात एकदा येणारा सामना, दुसऱ्या बाजूस बटाट्याच्या सालींत पाहणारी सासू. आणि टीव्ही एक. दोन वाहिन्या एका पेटीत एका घटकेस नांदणे हे आजवर कोणास साधिले नाही. शेवटी शनिवारी पाळीवरून परतताना त्यांनी मसलत केली की, घरचे तख्त मातुश्रींस द्यावे आणि आपण परमुलखात जाऊन टीव्ही मिळवावा.

मग शोध सुरू जाहला. प्रथम आपल्या क्लबावर स्वारी केली, तों तीन वाजता दारूच्या कायद्याप्रमाणे दरवाजे बंद, आणि चावी आपणांकडे, आणि आपण थॉर्नबीस. टीव्ही भाड्याने देणाऱ्या दुकानी गेले, तों मालक कुलूप लावून सामन्यास गेलेला, आणि काचेआड टीव्ही लावून गेला तोही घोड्यांच्या शर्यतींवर. विल्फराव काचेस नाक लावून काही काळ उभे राहिले. घोडे धावले, एक पडला, कोणी टोपी उडविली. विल्फराव बेजार होऊन परतले. सारी गल्ली ओस. एका घराच्या धुराड्यातून मात्र धूर निघत होता, आणि ते घर शेजारचेच, एनॉक पिकर्सगिल याचे.

येथे या दोन घराण्यांचे वैर सांगणे जरूर आहे. पिकर्सगिल हा जन्माने थॉर्नबीचा. पंचवीस वर्षे हेदरशॉत राहिला, तरी दिल थॉर्नबीसच. त्यातून कबुतरांचा षोकी. दोन हिवाळ्यांमागे त्याच्या कबुतरांनी डोरीनबाईंच्या धुतल्या चादरींवर जो मारा केला, त्याचे उट्टे म्हणून विल्फरावांनी पाण्याची नळी कबुतरखान्यावर चालविली. तेव्हापासून दोहों घरी बोलणे बंद, रामराम बंद, कचऱ्याचे डबेसुद्धा एकमेकांकडे पाठ करून ठेवीत. ऐशा गनिमाच्या दारी, त्याच्याच संघाविरुद्धचा सामना पाहण्यास जाणे, हे मोठे अवघड. परंतु वेळ थोडा राहिला. तेव्हा डोरीनबाईसाहेब स्वतः वकील होऊन, आल्याचा केक बशीत घालून नजराणा घेऊन, मागल्या दाराने गेल्या.

पिकर्सगिलने केक पाहिला, वास घेतला, आणि भिंतीपलीकडे उभ्या विल्फरावांस ऐकू जाईल ऐसे मोठ्याने बोलिला, "तुझ्या नवऱ्याला तोंड नाही का? स्वतः येऊन माग म्हणावं."

विल्फराव भिंतीवरून डोके काढून म्हणाले, "एनॉक, तुझ्याकडे सामना बघू का?"

"काय म्हणालास? वारा फार आहे."

"बघू का म्हटलं!"

"बघ. पण चांगली खुर्ची माझी. थॉर्नबीनं गुण घेतला की मी ओरडणार. तुमच्यानं घेतला तर तू गप्प बसायचं. माझं घर आहे. आणि शनिवारी चादरी बाहेर वाळत घालायच्या नाहीत."

या कलमांवर तह जाहला. आणि विल्फराव घरी येऊन, टीव्हीचे बटण फिरवून आयटीव्ही लावून, मातुश्रींस अदबीने सांगते जाहले की, आपण जरा शेजारी जातो, सामन्यात काही राम नाही, तुम्ही निवांत कुस्ती पाहा. मातुश्रींनी म्हटले, माझ्यासाठी नको हो, विल्फ्रेड. परंतु म्हणता म्हणता त्या खुर्चीच्या काठावरून चार बोटे मागे सरकल्या, हे डोरीनबाईंनी पाहिले.

विल्फराव गनिमाच्या दिवाणखान्यात दाखल जाहले. मध्यंतर सरत आले होते. पिकर्सगिलने टीव्ही लाविला, तों पडद्यावर केवळ पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ. आवाज येई, चित्र नाही. बाहेर जाऊन पाहतात तों रात्रीच्या वाऱ्याने अँटेना खांबावरून निसटून कोळशाच्या कोठारावर आडवी पडलेली. पिकर्सगिलचे गुडघे धरलेले, शिडी चढवेना. तेव्हा विल्फरावांनी कोट घातला, शिडी लाविली, आणि कोठाराच्या छपरावर चढून अँटेना उचलली.

"आलं!" आतून आरोळी आली. "आलं, आलं! तस्साच उभा राहा!"

विल्फरावांनी ती कपड्याच्या दोरीने पुन्हा खांबास बांधिली आणि उतरून आत आले, तों पडद्यावर पुनश्च बर्फ. पुन्हा चढले, चित्र आले. विटा लाविल्या, उतरले, चित्र गेले. खांबास काठी बांधोन काठीस अँटेना बांधिली, उतरले, तों खुर्चीस पाठ टेकण्याआधीच गेले. या अँटेनास लोखंड मानवेना, लाकूड मानवेना, दोरी मानवेना. जिता मनुष्य हाती धरून, एक पाय किंचित बाहेर काढून, थॉर्नबीच्या दिशेस तोंड करून उभा राहील तरच ती राजी. आणि इकडे पंचाने शिटी वाजविली, उत्तरार्ध सुरू जाहला.

"एनॉक," विल्फराव वरून म्हणाले, "तू धर ना थोडा वेळ. आलटून पालटून करू."

"माझे गुडघे तू देणार आहेस का? थांब तिथंच. मी सांगतो ना काय चाललंय ते."

येणेप्रमाणे हेदरशॉचा एकनिष्ठ शिपाई शत्रूच्या छपरावर, शत्रूची अँटेना हाती धरून, शत्रूच्या तोंडून आपल्या संघाचे वर्तमान ऐकता उभा राहिला. वरून हिमकण मिसळलेला पाऊस सुरू जाहला. पिकर्सगिल खिडकी उघडी टाकून सांगे. थॉर्नबीचा माणूस धावला की गाणे म्हटल्यासारखे सांगे, "काय पळतोय बघ, काय पळतोय, वाहवा!" आणि आपला धावला की प्रेतयात्रेच्या आवाजात म्हणे, "तुमच्या त्या टकल्यानं चेंडू घेतला. जातोय पुढे. हं. गेला." विल्फरावांस शब्दही ऐकण्याची गरज उरली नाही, सुरावरून सारे समजे. दोहोंकडील गुण खालीवर होता होता शेवटी थॉर्नबी दोन गुणांनी पुढे गेला, आणि आतून टाळ्या वाजल्या.

हातांस मुंग्या आल्या, मानेवरून पाणी आत उतरले, आणि विल्फरावांच्या मनात विचार आला की, हा कसला शनिवार? आपला टीव्ही चाळीस पावलांवर ऊनऊन खोलीत. उतरावे, घरी जावे, बटण फिरवावे. म्हातारी काही बोलणार नाही. उठून वर जाईल, बस्स. ऐसा विचार करून त्यांनी आपल्या घराकडे पाहिले. मागल्या खोलीचा पडदा सरलेला, दिवा लागलेला, छपरावरून सारे स्वच्छ दिसत होते.

टीव्हीवर दोन पैलवान. एक कोवळा, पांढऱ्या चड्डीतला, टॉमी लेन नावाचा. दुसरा काळ्या कपड्यांतला, रेड्यासारखा, त्यास बॅरन म्हणत. बॅरनने पंचाची पाठ वळताच टॉमीच्या डोळ्यांत बोटे घातली. पंच वळला तों बॅरन दोन्ही हात वर करून साळसूद उभा. मातुश्री हॅना खुर्चीत पुढे झुकल्या. बॅरनने पुन्हा तेच केले, वर टॉमीस दोरीत अडकवून गळा दाबिला. आणि मातुश्री उभ्या राहिल्या. आधी एक हात वर गेला, मग दुसरा. मग मांडीवरचे लोकरीचे विणकाम जमिनीवर पडले आणि त्यांनी खुर्चीवरील उशी उचलून टीव्हीस ऐशी हाणिली की वरचे फुलांचे भांडे हालले. आणि काच बंद असूनही, दोन परसांपलीकडे, वाऱ्यापावसातून, चार महिने कोणी न ऐकिलेला आवाज आला:

"अरे मागे बघ की पंचा! डोळे फुटले का तुझे? अरे टोणग्या, सोड त्याला! लहान पोराला काय मारतोस, हिंमत असेल तर माझ्याशी ये!"

पिकर्सगिलने खिडकीतून डोके काढिले. "कोणाला मारताय का रे तुमच्या घरात?"

"माझी सासू आहे," विल्फराव म्हणाले.

"ती? ती तर बोलत नाही ना?"

"बोलते," विल्फराव म्हणाले.

डोरीनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, आईस पाहून दारातच थबकल्या, तोंडास फडके लाविले. हसतात की रडतात हे छपरावरून कळेना. मग मातुश्रींनी लेकीचा दंड धरून तिला पडद्याकडे ओढिले आणि बॅरनची सारी पापे बोटाने दाखविली. टॉमी लेन दोरीतून सुटला. बॅरन चालून आला, टॉमी खाली वाकला, आणि तो रेडा स्वतःच्याच जोराने रिंगणाबाहेर जाऊन पहिल्या रांगेतील बाईच्या मांडीत पडला. त्या बाईने त्यास पर्सने बडविले. मातुश्रींनी हवेत ठोसे दिले. छपरावर विल्फरावांनीही एक ठोसा दिला, आणि दुसराही दिला, आणि त्या हातात अँटेना आहे याचे त्यांस भान राहिले नाही.

"चित्र गेलं!" पिकर्सगिल ओरडला. "अरे काय करतोस! शेवटचं मिनिट आहे! वर धर, गाढवा, वर धर!"

विल्फराव भानावर आले, अँटेना फिरविली, उजवीकडे, डावीकडे, पाय बाहेर काढिला, आत घेतला, काही केल्या जमेना. आत नुसता गलका, हजारो लोकांचा, पण कोणाचा ते कळेना. मग एकदाचे जमले.

"एनॉक! काय झालं?"

आत टीव्हीचे बटण खटकन बंद जाहले.

"एनॉक, अरे सांग ना!"

पिकर्सगिल मागल्या दारी आला, पावसात उभा राहिला, आणि डोक्यावरची टोपी काढिली.

"जिंकलात," तो म्हणाला. "तुमच्या टकल्याला खांद्यावर घेऊन नाचताहेत. आता उतर खाली, सर्दी होईल."

"शेवटचे गुण कसे घेतले पण?"

"मला काय माहीत? बर्फ बघत होतो मी!"

हे ऐकून विल्फराव छपरावरच मटकन बसले, आणि हसू लागले, आणि खाली पिकर्सगिल काही क्षण रागाने पाहून तोही हसू लागला. सर्व हेदरशॉने तो शेवटचा पल्ला डोळ्यांनी पाहिला, आपणही पाहिला. न पाहिलेले दोघेच. पिकर्सगिलने शिडी धरिली, विल्फराव उतरले, आणि त्या गनिमाने आपल्या हाताने त्यांच्या खांद्यावर कोरडे पोते टाकिले.

विल्फराव घरी आले ते नखशिखांत भिजलेले, ओठ निळे. मातुश्री खुर्चीत, त्याही काठावर नव्हे तर पार आत, पाय पसरून बसलेल्या, गाल लाल, केस सुटलेले. जावई दारात दिसताच, ज्या बाईने चार महिने त्यास अदबीने 'तुम्ही' म्हटले ती मोठ्याने बोलिली:

"तिथंच थांब! गालिच्यावर पाय टाकशील तर बघ. असा भिजून कुठून आलास रे, दळभद्र्या? बूट काढ. डोरीन, याला गरम पाणी दे पायांना. एवढा बाप्या झाला आणि पावसात उभं राहू नये एवढी अक्कल नाही!"

डोरीनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. विल्फरावांनी मुकाट्याने बूट काढिले.

"आणि काय चुकवलंस माहितीये?" मातुश्री म्हणाल्या. "तो बॅरन, तो हरामखोर, बाहेर पडला! बाईच्या मांडीत!"

"काय सांगता!" विल्फराव म्हणाले. "कसा काय?"

मग मातुश्री उभ्या राहिल्या आणि सारी कुस्ती पहिल्यापासून करून दाखविली. बॅरन स्वतः जाहल्या, पंच डोरीनबाईंस केले, टॉमी लेन खुंटीवरच्या कोटास केले. टीव्हीवर फुटबॉलचे निकाल चालले होते त्यांकडे कोणी पाहिले नाही. विल्फराव पाय पाण्यात घालून, जणू काहीच पाहिले नाही ऐसे, प्रत्येक ठिकाणी 'मग? मग काय झालं?' ऐसे विचारीत बसले. कथेच्या मध्येच मातुश्रींस एकदा 'अर्नेस्टला हे आवडलं असतं' इतके म्हणवले, आणि तेव्हा त्या थोड्या रडल्या, आणि नाक पुसून पुन्हा बॅरन जाहल्या.

येणेप्रमाणे मोहीम समाप्त जाहली. पुढे कळावे म्हणोन नमूद करितो: सर्दी, विल्फरावांस, पाच दिवस. नुकसान, फुलांचे भांडे एक, तेही उशीच्या दुसऱ्या वारात. कबुतरे व चादरी यांचा तह उभयपक्षी पाळला जातो. पिकर्सगिल साहेबांचे म्हणणे मात्र कायम आहे की, आपण पाहिले तोवर थॉर्नबीच पुढे होता, आणि न पाहिलेल्या गोष्टीस आपण बांधील नाही. त्या दिवशी थॉर्नबीच्या मैदानी हेदरशॉने जी फत्ते केली तिची तसबीर क्लबात टांगली आहे, ती तेथे शोभते. परंतु त्याच घटकेस इंकरमन गल्लीत दुसरी फत्ते जाहली, तिचे सेनापतिपद विल्फ हेबलथ्वेट यांजकडे होते, आणि ती कोणत्याही वाहिनीवर दिसली नाही. सबब ती या कागदाने हेदरशॉच्या लोकांस जाहीर करण्यात येत आहे. कारभारी साहेबांनी कृपा करून एवढे करावे की, क्लबात विल्फराव आले म्हणजे त्यांस तो शेवटचा पल्ला कसा होता हे विचारू नये. विचारिले तर ते खोटे बोलतील, आणि माणूस खोटे बोलण्यात फार कच्चा आहे.